काटा आधी पडतो की गाडी?

ऑफिसातला तो एक प्रिंटर आठवा. ऐन प्रेझेंटेशनच्या सकाळी कागद गिळून बसतो, आपण घामाघूम होऊन आयटीवाल्याला बोलावतो, तो चहा संपवून निवांत येतो, एक बटण दाबतो आणि सुर्रकन अकरा पानं बाहेर! मग तो आपल्याकडे जे बघतो ना, ते बघणं... माझी गाडी या प्रिंटरची सख्खी बहीण आहे.

2004 ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण एकविसाव्या वर्षी गाडी कशी वागते याला कंपनी जबाबदार नसते. गाडी बाबांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी आधी रात्रीचं आणि मग हळूहळू दिवसाचंही ड्रायव्हिंग सोडलं आणि किल्ली माझ्याकडे आली. पंधरा वर्षं झाली तेव्हा, 2019 मध्ये, आरटीओत जाऊन पुन्हा रजिस्ट्रेशन, पर्यावरण कर, सगळं रीतसर केलं. 2024 ला पुन्हा तेच. रिसेल व्हॅल्यू म्हणाल तर माझ्या फोनपेक्षा थोडी जास्त. ऑफिसला मी लोकलनेच जाते, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ सोसायटीत कबुतरांच्या ताब्यात असते.

महिन्यातून एका दिवशी मात्र तिच्याशिवाय चालत नाही. माझी आत्या टोकावड्याजवळच्या एका वाडीत राहते. कल्याणहून माळशेजला जाताना मुरबाड सोडलं, सरळगाव सोडलं की टोकावडे लागतं. वीकएन्डला धबधबे बघायला गेला असाल तर इथून शंभरच्या स्पीडने गेला असाल, हो ना? आत्याचं वय 76, मधुमेह जुना, आणि त्याने आता डोळ्याच्या पडद्यावर हात टाकलाय. पडद्याला आलेली सूज उतरावी म्हणून डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, दर महिन्याला, कल्याणला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, 'तारखा चुकवायच्या नाहीत. गेलेली नजर परत आणता येईलच असं नाही, आहे ती टिकवायची आहे.' म्हणून महिन्यातून एक दिवस रजा, डोंबिवली ते टोकावडे, आत्याला घेऊन कल्याण, आणि संध्याकाळी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आत्याला परत वाडीवर.

2025 च्या मार्चमध्ये पहिल्यांदा गाडी बंद पडली. मुरबाडच्या अलीकडे, दुपारी साडेबाराला. सुदैवाने तेव्हा मी एकटी होते. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. सेल्फ मारला तर इंजिन छान फिरतंय, पण पकडत नाही. पंधरा मिनिटं प्रयत्न केला, मग वैतागून झाडाखाली बसले आणि ओळखीतल्या सगळ्यांना फोन केले. चाळीस मिनिटांनी सहज किल्ली फिरवली आणि पहिल्या फटक्यात गाडी सुरू! जणू मधल्या काळात तिची डुलकी झाली होती.

आमच्या भागात एक चकाचक गॅरेज आहे. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी, काचेपलीकडे आपली गाडी लिफ्टवर चढलेली दिसते. तिथे नेली. त्यांनी तासभर चालवून बघितली. एकदम गुणाची! स्कॅनर लावला, त्यात एकही कोड नाही. (माझ्या गाडीच्या जमान्यात हे स्कॅनर प्रकरण बाल्यावस्थेत होतं. आपल्याकडे गाडीने स्वतःच्या आजाराची नोंद ठेवायची सक्ती आली ती बीएस-4 च्या गाड्यांना, 2010 नंतर टप्प्याटप्प्याने.) पण ग्राहकाला रिकाम्या हाताने कसं पाठवणार? प्लग बदलले, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर. 2,850 रुपये.

आठ दिवसांनी रायत्याच्या पुलाच्या अलीकडे पुन्हा तेच. पुन्हा गॅरेज. 'मॅडम, पेट्रोलची मोटर वीक असणार.' टाकीतली मोटर बदलली. 9,600. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा. 'बॅटरी जुनी आहे मॅडम.' आता मला सांगा, सेल्फ दणकून फिरतोय तर बॅटरीचा काय दोष? पण तेव्हा हा प्रश्न सुचला नाही. 4,100. एकूण 16,550 रुपये आणि आजार जागच्या जागी.

गॅरेजवाल्यांना मी लबाड म्हणणार नाही. दोष समोर दिसत नसताना माणूस दुसरं काय करणार? अंदाजाने पार्ट बदलणार. पार्ट बदलल्यावर गाडी चार दिवस नीट चालते, कारण ती तशीही चार दिवस नीट चालणारच होती, आणि आपण सगळे मिळून त्या पार्टला श्रेय देऊन टाकतो. आणि प्रत्येक बदललेला पार्ट पुढच्या माणसाची दिशाभूल करतो. 'मोटर नवीन आहे ना? मग मोटर नसणार.' नवीन मोटर खराब निघत नाही असं कोणी सांगितलं?

सल्ले तर विचारूच नका. बाबा फोनवर म्हणाले, 'पॉइंट घासून बघ.' बाबा, या गाडीत पॉइंटच नाहीत! ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं एकच, 'इथेनॉल यार, दुसरं काय.' तेव्हा पंपांवर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलंच होतं, आणि पुढे ऑगस्टमध्ये त्यावरून देशभर गदारोळ झाला तेव्हा याने मला रोज एक लिंक पाठवली. त्याचा मुद्दा अगदीच फालतू नाही. जुन्या गाडीतले रबरी पाइप, सील इथेनॉलसाठी बनवलेले नसतात, ते हळूहळू खराब होऊ शकतात. अ‍ॅव्हरेजही थोडं कमी होतं. पण हळूहळू होणारा आजार चाळीस मिनिटांत आपोआप बरा होत नाही ना! माझी गाडी दर वेळी घड्याळ लावल्यासारखी बरी व्हायची. खरा पुरावा तोच होता आणि मी त्याच्याकडे नुसती वैतागून बघत होते.

आणि मग तो एप्रिलचा दिवस. आत्या गाडीत, साडेचारची अपॉइंटमेंट, दुपारचा एक. तिकडचा उन्हाळा म्हणजे चाळिशीच्या घरातला. सह्याद्रीची भिंत उन्हात पांढरट झालेली, रस्त्याच्या कडेला करवंदं घेऊन बसलेल्या बायकासुद्धा सावली शोधत सरकलेल्या. टोकावड्याच्या नाक्याच्या जरा पुढे गाडीने मान टाकली. क्लच दाबून कशीबशी बाजूला घेतली. एकदोनदा ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखं झालं, कारण ब्रेकला मदत करणारी ओढ इंजिनाकडूनच येते. मागून आळेफाट्याकडचा भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला. सपाटीवर होतो म्हणून निभावलं. हेच माळशेजच्या उतारावर झालं असतं तर?

आत्या शांत. 'ओलं फडकं ठेव,' म्हणाली.

'कशावर?'

'ते मला काय माहीत? तुझे आजोबा ठेवायचे. फियाट होती ना. घाटात बंद पडली की बॉनेट उघडायचे, फडकं भिजवून ठेवायचे, आम्ही पोरं तोवर बोरं खायचो.'

मी हसले. तिथून शंभर पावलांवर पत्र्याची शेड होती. बाहेर एक ट्रॅक्टर, तीन बाइक आणि भातगिरणीचं उघडलेलं इंजिन. पन्नाशीचे मिस्त्री पाना हातात घेऊनच बाहेर आले. मी घाईघाईने सांगायला लागले, 'प्लग बदललेत, मोटर बदललीय, बॅटरी...'

'ताई, ते ऱ्हाऊ द्या. ती आत्ता आजारी आहे ना? मग आत्ताच बघू. बरी झाल्यावर कोणाला दाखवून उपयोग नाय.'

बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. मला तीन वेळा गॅरेजमध्ये कोणी हे विचारलं नव्हतं. किती वेळ चालल्यावर बंद पडते? सकाळी कधी पडली का? एसी चालू होता का? टाकीत पेट्रोल किती? खड्ड्यात आपटल्यावर पडते की गुळगुळीत रस्त्यावर? बंद पडताना आचके देते की घरातली लाइट जावी तशी जाते?

शेवटचा प्रश्न भारी होता. पेट्रोल कमी पडायला लागलं की गाडी आधी दम टाकते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर हुंदके देते, पिकअप जातो, थोडी चालते, पुन्हा हुंदका. करंट गेला की मात्र खटकन् संपतं. माझी गाडी खटकन् जायची.

'आणि काटा? आरपीएमचा काटा आधी पडतो की गाडी आधी थांबते?'

मी गप्प. कोण बघतं काटा? पण आठवून बघितलं तर दिसलं खरं, गाडी अजून साठच्या स्पीडने घरंगळतेय आणि काटा मात्र शून्यावर झोपलेला.

'गाडी गिअरमध्ये होती?'

'हो, मी नंतर क्लच दाबला.'

'मग चाकं इंजिनाला फिरवत होती. इंजिन फिरतंय तर काटा शून्यावर कसा?'

मंडळी, इथे दोन मिनिटं थांबू या, कारण सगळी गंमत या एका वाक्यात आहे. गाडी गिअरमध्ये असताना पेट्रोल संपलं तरी चाकं इंजिनाला फरफटत फिरवतात. काटा खरं बोलत असेल तर त्याने स्पीडबरोबर हळूहळू खाली यायला हवं. तो एकदम पडला याचा अर्थ इंजिन थांबलं नव्हतं, इंजिन फिरतंय हे सांगणारा थांबला होता. आजकालच्या (म्हणजे गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या) गाड्यांत हा सांगणारा म्हणजे क्रँक सेन्सर. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, क्रँकवर, एक दातेरी चाक असतं. त्याच्या शेजारी केसाएवढ्या अंतरावर हा सेन्सर. आत लोहचुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तारेची गुंडाळी. दाता समोरून गेला की गुंडाळीत इवलासा करंट उठतो. त्या टिकटिकीवरून गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो की पेट्रोल कधी सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची. टिकटिक बंद झाली की कॉम्प्युटरच्या मते इंजिन थांबलेलं आहे. मग तो पेट्रोलही बंद करतो आणि ठिणगीही. अगदी शहाण्यासारखं वागतो बिचारा, फक्त त्याला मिळालेली बातमी खोटी असते.

मिस्त्रींनी मात्र लगेच निकाल दिला नाही. 'मला वाटतंय खरं. पण वाटून चालत नाय.' मला किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवायला सांगितली आणि स्वतः मागच्या सीटशी कान लावला. टाकीतली मोटर दोन सेकंद घूंऽऽ करून थांबली. म्हणजे मोटर जिवंत. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला, म्हणजे कॉम्प्युटरला सप्लाय आहे, मेन रिलेही शाबूत. मग एक जुना प्लग काढला, इंजिनाच्या एका वायरीत खोचला, प्लगचा धातू इंजिनाला टेकवला आणि रबरी मुठीच्या पकडीने धरून म्हणाले, 'मारा सेल्फ.' ठिणगी नाही. (हा प्रयोग तुम्ही हाताने करू नका प्लीज. इग्निशनचा झटका हजारो व्होल्टचा असतो, आणि आसपास पेट्रोलचा वास असेल तर अजिबातच नको.) सेल्फ मारताना काटा बघायला सांगितला. काटा ढिम्म.

ठिणगीही नाही आणि काटाही नाही. दोघांचा मालक एकच. मग खाली वाकून सेन्सरच्या वायरी आणि कपलर हलवून बघितले, कारण बऱ्याचदा सेन्सर बरा असतो आणि त्याची वायरच आतून तुटलेली असते. हलवताना सेल्फ, पुन्हा सेल्फ. फरक नाही. कपलर काढून मीटर लावला. मीटर काहीच दाखवेना, म्हणजे आतली तार कुठेतरी तुटलेली.

आणि मग त्यांनी काय केलं असेल? एक फडकं माठातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि त्या सेन्सरवर नीट दाबून ठेवलं.

आत्याने गाडीतूनच माझ्याकडे बघितलं. आयटीवाल्यासारखं!

पाच-सहा मिनिटांत मीटरवर आकडा उमटला. कपलर जोडला, किल्ली फिरवली, गाडी सुरू. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण मिस्त्री म्हणाले, 'एकदा झालं तर योगायोग पण असतो. पुन्हा पाडू.' बॉनेट बंद केलं, गाडी उन्हात स्लोवर चालू ठेवली, आत्याला शेडमध्ये खुर्ची दिली आणि गिरणीच्या इंजिनाकडे वळले. पंचवीस मिनिटांनी गाडी खटकन् बंद. मीटर, आकडा गायब. फडकं, आकडा परत. ते म्हणाले, 'आता बोला.'

कारण ऐकलं तर अगदी साधं आहे. गुंडाळीची तार वीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजली गेलेली. कुठेतरी तिला बारीकशी चीर पडली. गार असताना दोन टोकं टेकलेली राहतात, करंट जातो. तापलं की सगळं फुगतं, टोकं दूर होतात, बातमी बंद. गाडी थांबते, सेन्सर थंड होतो, टोकं पुन्हा टेकतात. चाळीस मिनिटं! माझी गाडी डुलकी काढत नव्हती, गार होत होती. आणि त्या चकाचक गॅरेजमध्ये ती कधीच बंद पडली नाही, कारण तिथे ती सकाळी नऊला, सावलीत, मस्त गार असताना पोचायची.

आजोबांच्या फडक्याचं पण सांगते, कारण मी त्या रात्री बाबांना पिडून विचारलं. त्या फियाटमध्ये सेन्सर वगैरे नव्हतं काही. तिचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला. घाट चढताना तो इतका तापायचा की पेट्रोलची आतच वाफ व्हायची. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला, वाफ त्याला ओढता येत नाही, की गाडी बंद. ओलं फडकं ठेवलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल. पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. आजार वेगळा, औषध तेच. फक्त आजोबांच्या वेळी फडकं हा उपाय होता आणि मिस्त्रींच्या हातात तो पुरावा होता. उपाय म्हणून मी फडकं ठेवत कल्याण गाठलं असतं तर?

तोच विचार माझ्या डोक्यात होता, खोटं कशाला सांगू. पावणेतीन वाजत आलेले. 'बाटली भरून घेते, सरळगावला एकदा भिजवू, मुरबाडला एकदा...' मिस्त्रींनी किल्लीच काढून घेतली. 'आत्याबाईंना घेऊन नाय. मागून डंपर असला आणि गाडी मधेच गेली तर? ब्रेक पण जड होतो. गाडी ऱ्हाऊ दे इथं. एसटी येईल आता.'

एसटी आली. खिडकीतून गरम वारा, मागे कोंबड्यांची पाटी, आणि आत्या राणीसारखी बसलेली. 2022 पासून पंचाहत्तरीवरच्यांना एसटी मोफत आहे आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, हे मला ऐकून माहीत होतं, पण आत्याने कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना जो चेहरा केला तो बघण्यासारखा होता. मुरबाडला गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा माझा जीव वरखाली. दवाखान्यात पोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं. डॉक्टर थांबले होते. इंजेक्शन झालं. परत जाताना रिक्षा, एसटी, आणि शेवटी वाडीपर्यंत मिस्त्रींच्या मुलाची बाइक आणि मी मागून चालत, अशी वरात निघाली.

पुढच्या रविवारी सेन्सर घेऊन गेले. कल्याणच्या स्पेअर पार्टच्या दुकानात दोन होते, एक साडेचारशेचा आणि एक 1,350 चा. साडेचारशेचा घेऊन पुन्हा त्याच रस्त्यावर उभी राहायची हौस नव्हती. मिस्त्रींनी वीस मिनिटांत बसवला, सेन्सर आणि दातेरी चाकामधली फट तपासली, वायर सायलेन्सरपासून लांब बांधली आणि गाडी पुन्हा उन्हात तासभर चालू ठेवली. मजुरी? तीनशे रुपये. मी पाचशेची नोट दिली तर दोनशे परत. त्या दिवशीच्या दोन तासांचं काय, विचारलं तर म्हणाले, 'तेव्हा कुठं काय केलं? नुसतं बघितलं.' आमच्या ऑफिसात नुसतं बघण्याला कन्सल्टिंग म्हणतात आणि तासाला किती घेतात ते मी त्यांना सांगितलं नाही.

तुमच्याकडे अशी कधी-बंद-कधी-चालू गाडी असेल तर एक वही करा. फोनवर नोट केली तरी चालेल. कधी पडली, किती चालल्यावर, ऊन की पाऊस, टाकी किती, आचके की खटकन्, काटा कुठे होता, किती वेळाने सुरू झाली. शेजारी कोणी बसलं असेल तर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढायला सांगा. रीलपेक्षा उपयोगी पडेल. दोनचार नोंदी झाल्या की आजार स्वतःच बोलायला लागतो. फक्त पावसाळ्यात किंवा दमट सकाळी त्रास असेल तर प्लगच्या वायरींना चिरा असतात. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर आजार तोच. हात लावू नका. खड्ड्यात आपटल्यावर जात असेल तर अर्थिंग किंवा ढिला कपलर. लांबच्या पल्ल्यावर हुंदके देऊन थांबत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर टाकीचा श्वास कोंडलाय, मोटर बिचारी निर्दोष आहे. आणि तापल्यावर जाऊन गार झाल्यावर येत असेल, तर माझ्या गोष्टीतलं फडकं लक्षात ठेवा. ते फक्त सेन्सरवर ठेवायचं, पिळून. तापलेल्या इंजिनावर बादली ओतायची नाही. ब्लॉकला तडा गेला तर सेन्सरचा खर्च फारच स्वस्त वाटायला लागेल.

गॅरेजमध्ये जाताना ही वही दाखवा आणि सरळ सांगा, 'गाडी इथे बंद पडेपर्यंत काही बदलू नका.' एक दिवस गाडी तिथेच राहू दे. भर दुपारी चालवू दे. तुमच्या मिस्त्रीला हे ऐकून राग आला तर मिस्त्री बदला, पार्ट नको.

गाडी विकायचा विचार डोक्यात आला नव्हता असं नाही. वीस वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायची फी 2025 च्या ऑगस्टमध्ये दहा हजार रुपये झाली. 2029 ला माझ्या गाडीची पुन्हा पाळी येईल तेव्हा बघू. ब्रेक, पत्रा, स्टिअरिंग यांनी दगा दिला तर मी एक दिवसही ठेवणार नाही. पण साडेतेराशे रुपयांच्या गुंडाळीसाठी बाबांची गाडी भंगारात? मला नाही पटत.

सेन्सर बसवल्यावर तो आख्खा उन्हाळा आणि पुढचा पावसाळा गाडी एकदाही बंद पडली नाही. जुना सेन्सर माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. इथेनॉलवाला मित्र रोज हातात घेऊन बघतो आणि काही बोलत नाही. काट्याकडे मात्र मी आता नको तितकी बघते.

मेच्या तारखेला सकाळी वाडीवर पोचले, एसी लावून गाडी गार करून ठेवली, दार उघडून उभी राहिले. आत्या पिशवी घेऊन बाहेर आली, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, 'चालतेय का?'

'एकदम मस्त.'

'मग ऱ्हाऊ दे ती इथे सावलीत. आपण एसटीने जाऊ. मला फुकट आहे.'